पाहुणी गेल्यानंतरची सकाळ

माझ्या भांडुपच्या फ्लॅटचा करार या महिनाअखेरीला संपतोय. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. ब्रोकरचे दोन मेसेज येऊन पडलेत : रिन्यू करायचंय की सोडायचंय? दोघी रूममेट्स माझ्या उत्तरासाठी थांबल्यात, कारण मी गेले तर त्यांना तिसरी शोधावी लागणार. आणि मी उत्तर द्यायचं सोडून तीन आठवडे जुनी पुस्तकं काढून वाचतेय, रात्री सिनेमे बघतेय.

यात पळवाट आहे, मान्य. पण नुसतीच पळवाट नाही. मुंबईत राहायचं की अमरावतीला परत जायचं हा प्रश्न मी आधी इंजिनिअरसारखा सोडवून पाहिला. एक्सेल शीट केली. भाडं, डबा, लोकल, ऑफिसला जायला-यायला लागणारा वेळ, बाबांची तब्येत, मित्रमैत्रिणी, पुढची नोकरी मिळायची शक्यता. प्रत्येक ओळीला वजन दिलं. दर वेळी अमरावती जिंकली, आणि दर वेळी मी शीट बंद करून झोपून गेले.

मग लक्षात आलं, की 'परत जाणं' म्हटल्यावर माझ्या पोटात जे काही होतं, ते शीटमध्ये नाहीच. ते गोष्टींमधून आलंय. परतलेल्या माणसाच्या गोष्टी आपण इतक्या वाचल्यात आणि बघितल्यात, की आपला निर्णय होण्याआधीच त्याचा शेवट आपल्याला ठाऊक असतो. म्हणून ठरवलं, त्या गोष्टीच एकदा नीट तपासू. चार घेतल्या : 'कोसला', 'स्वदेस', 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आणि 'वाडा चिरेबंदी'. चौघींनाही एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न माझा नाही, माझ्या वहिनीचा आहे. तो कुठून आला ते आधी सांगते.

मागच्या दिवाळीला घरी गेले होते. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू अजून पूर्ण सुधारलेली नाही. दादा दुकान बघतो, आईचे गुडघे गेलेत. बाबांना उठवणं, व्यायाम, औषधं, दवाखाना हे सगळं वहिनीकडे. ती बीएड आहे, शाळेत शिकवायची. बाबा पडले त्या महिन्यात तिने नोकरी सोडली. सोडू का असं तिने कोणाला विचारलं नाही, आणि सोडू नकोस असं तिला कोणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. मी तेव्हा चार दिवसांची रजा काढून आले होते आणि पाचव्या दिवशी गाडीत बसले होते.

दिवाळीत ती पोळ्या लाटत होती. मी ओट्याला टेकून म्हटलं, "वहिनी, मी परत यायचा विचार करतेय. कंपनी घरून काम करू देते आहे सध्या."

"ये ना," ती म्हणाली. "पण पाहुणी म्हणून येशीन का घरची म्हणून, ते ठरवून ये. पाहुणी आली तर मले पोळ्या जास्त लागतीन. घरची आली तर कमी."

ती हसली, मीही हसले. पण मुंबईला येताना रात्रभर गाडीत तेच डोक्यात होतं. तर या चार गोष्टींना विचारायचा प्रश्न तो : इथे परत येणारा माणूस पाहुणा म्हणून येतो की घरचा म्हणून? आणि तो आल्यावर कोणाच्या पोळ्या वाढतात?

'कोसला'पासून सुरुवात करते, कारण इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आमच्या मजल्यावर तिची एकच कॉपी होती आणि ती चौघींनी मिळून फाडेपर्यंत वाचली. 1963 सालची कादंबरी. लिहिली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, म्हणजे आज मी आहे त्याहून लहान. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला जातो, हॉस्टेलच्या राजकारणात पडतो, बापाचा पैसा उडवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी येऊन बसतो. आम्हाला ती आमचीच गोष्ट वाटली. शहर पोकळ, कॉलेज पोकळ, आपणही पोकळ. एकोणिसाव्या वर्षी याहून आवडेल असं काय असतं?

आता वाचताना वेगळं दिसलं. पांडुरंग परत येतो तेव्हा त्याला घर आहे, शेत आहे. बापाशी त्याचं पटत नाही, पण ताट वाढलेलं आहे. ते ताट वाढणाऱ्या बायकांकडे कादंबरी अधूनमधून बघते, आणि धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते तेव्हा तर इतकं जवळून बघते की ती पानं मला आजही एका बैठकीत वाचवत नाहीत. तिथे पांडुरंगचं सगळं बोलघेवडेपण गळून पडतं. पण मनी गेल्यावर कादंबरी पुन्हा त्याच्या रिकामपणाकडे वळते. गावातल्या बिनकामाच्या पोरांबरोबर तो बसून राहतो, आणि ते बसून राहणं हेच जगण्याबद्दलचं म्हणणं बनतं.

आमच्या मजल्यावरच्या चौघींपैकी एकीलाही तेव्हा एक साधी गोष्ट सुचली नाही. आम्ही नापास होऊन घरी गेलो असतो, तर आम्हाला असं बसू दिलं असतं का? नापास मुलगा घरी आला की त्याच्या आयुष्यात पोकळी येते. नापास मुलगी घरी आली की तिच्यासाठी स्थळ येतं. 'कोसला' मला आवडते, पुन्हाही आवडेल. पण परतीचा नकाशा म्हणून मी ती वापरू शकत नाही. त्या नकाशात स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाच्या नावावर आहे.

'स्वदेस' तर इंजिनिअरांचा धर्मग्रंथच. 2004 चा सिनेमा, आशुतोष गोवारीकरचा. नासातला मोहन भार्गव आपल्याला वाढवणाऱ्या कावेरी अम्माला शोधत चरणपूरला येतो, गावात पाण्यावर वीज तयार करतो, अमेरिकेला जातो आणि सगळं सोडून परत येतो. गोष्ट उत्तर प्रदेशातली, पण ते गाव पडद्यावर उभं राहिलं आपल्या वाईजवळच्या मेणवलीत. आमच्या ऑफिसात कोणी राजीनामा देऊन गावी जायचं म्हटलं की फेअरवेलच्या व्हिडिओला हमखास याच सिनेमाचं संगीत असतं.

हा सिनेमा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. जात, शाळा, विजेची वाट बघणारी माणसं, हे सगळं तो बघतो, आणि तेही मोठ्या व्यावसायिक सिनेमात. पण मोहनचं परत येणं हे देणं आहे. तो गावाला काहीतरी द्यायला येतो. गाव त्याला काय देतं, तर अर्थ. हा व्यवहार फार सुंदर दिसतो, कारण त्यात कोणाचंच काही जात नाही. मोहन गावात आल्यावर कोणाची नोकरी सुटली, कोणाची खोली गेली, असं काही होत नाही. तो येतो आणि थोड्याच वेळात सिनेमा संपतो. दुसऱ्या पावसाळ्यात पाण्याबरोबर गाळ आला तेव्हा त्याने काय केलं, नोकरीशिवाय तिसऱ्या वर्षी तो कसा होता, अम्मा अंथरुणाला खिळल्यावर तिचं कोणी केलं, यातलं काही आपल्याला कळत नाही. मी प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काम केलंय. रिलीजच्या दिवशी सगळे हजर असतात. त्यानंतरच्या मंगळवारी पहाटे चार वाजता कोण उठतो, खरी गोष्ट तिथे सुरू होते.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी दुसऱ्यांदा पाहिला. 2024 साली कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं, तेव्हा सगळ्यांबरोबर पहिल्यांदा पाहिला होता. प्रभा आणि अनू या मल्याळी नर्सेस, आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती. छाया कदमने केलेली ही पार्वती रत्नागिरीकडची. नवरा गिरणीत होता. ती वर्षानुवर्षं ज्या खोलीत राहिली, तिथून बिल्डर तिला उठवतोय, आणि ती तिथे राहत होती हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्याकडे नाही. शेवटी ती सामान बांधून कोकणातल्या आपल्या गावी जाते. प्रभा आणि अनू तिला पोचवायला जातात.

पहिल्यांदा बघताना मला दिसला समुद्र. मुंबईचा निळा अंधार मागे पडतो आणि एकदम ऊन, वारा, झाडी. थिएटरबाहेर येऊन मी मैत्रिणीला म्हटलंही, "चल, सोडू या हे शहर." दुसऱ्यांदा बघताना दिसला कागद. पार्वती परत जायचं ठरवत नाही, तिला घालवलं जातं. माझ्याकडे कागद आहे, अकरा महिन्यांचा का होईना. त्यावर माझं नाव आहे, ब्रोकर मला विचारतो आहे. मला 'निर्णय' घ्यायला मिळतो, ही सवलत आहे, आणि या शहरात आयुष्य काढलेल्या हजारो पार्वतींना ती मिळालेली नाही.

दुसरी गोष्ट, अनू. तिला मुंबईत तिच्या मित्राला भेटायला चार भिंती मिळत नाहीत, तरी मुंबईतल्या गर्दीत तिला ओळखणारं कोणी नाही, एवढं तरी आहे. मला भांडुपमध्ये रात्री अकराला घरी येताना हेच वाटतं. अमरावतीत राजकमल चौकातून कोणाच्या गाडीवर मागे बसून गेले, तर मी साईनगरला घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असेल. सिनेमाची गंमत अशी, की अनूवर पहिली नजर ठेवते ती प्रभाच, तिची रूममेट. म्हणजे पाळत फक्त लहान गावात असते हेही खरं नाही. पण मुंबईत मी रूममेट बदलू शकते.

आता तक्रार. सिनेमा कोकणात जातो तो दोन पाहुण्यांबरोबर. पार्वतीच्या घरी वीज नाही, हे आपण बघतो. आणि तरीही रात्र इतकी मायाळू होते, समुद्रकाठची ती दिव्यांनी उजळलेली टपरी इतकी सुरेख दिसते, की आपण विसरतो : उद्या-परवा प्रभा आणि अनू मुंबईला जातील, ड्युटीवर. पार्वती एकटी उरेल. पाहुण्या गेल्यानंतरच्या सकाळी ती काय करते? पाणी कुठून आणते, पैसे कुठून, बोलते कोणाशी? ज्या सिनेमाने कागदाबद्दल इतकं धारदार सांगितलं, तो या सकाळीच्या अलीकडे थांबतो. प्रकाशाबद्दलचा सिनेमा आहे, प्रकाशात थांबतो, हे मला कळतं. पण त्या सकाळी तिच्या दारात कोणी असावं, असं मला दुसऱ्यांदा बघताना सारखं वाटत राहिलं.

'वाडा चिरेबंदी' मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते आमच्याकडचं. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, आणि आयुष्यभर लिहिलं ते नागपुरात राहून. विजया मेहतांनी 1985 साली हे नाटक बसवलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मिळून त्रिनाट्य झालं, आणि 1994 साली चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही भाग सलग सादर केले. मी प्रयोग पाहिलेला नाही, पुस्तकच वाचलंय. तरी वाड्यातली माणसं वऱ्हाडीत बोलायला लागली की ते माझ्या कानात वाजतं.

धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारलेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायको अंजलीला घेऊन आलाय. घरी आई आहे, म्हातारी दादी आहे, थोरला भास्कर आणि वहिनी आहेत, लग्न न झालेली प्रभा आहे, नोकरासारखा राबणारा चंदू आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. तेरवीचा खर्च कोणी करायचा, दागिने कोणाकडे आहेत, यावरून घर आतून उसवत जातं.

शाळेत आम्हाला सांगितलं होतं की हे नाटक सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाबद्दल आहे. असेल. या वेळी मला ते एका साध्या गोष्टीबद्दल वाटलं : कोण गेलं आणि कोण राहिलं. सुधीर वाईट नाही. मुंबईत त्याचे हाल आहेत, त्याच्याकडे खरोखरच पैसा नाही. तो जे बोलतो ते शहाणपणाचं आहे : कर्ज काढून गावजेवण कशाला? मी वाचताना प्रत्येक वाक्याला मान डोलावली. आणि मग कळलं, की हे शहाणपण त्याला परवडतं, कारण तेरवीनंतर त्याला गावात तोंड दाखवायचं नाही. भास्करला दाखवायचं आहे. सुधीर दहा-बारा दिवस येतो आणि घर कसं चालवावं ते सांगतो. मी दर दिवाळीला तेच करते. मागच्या वेळी मी वहिनीला बाबांच्या औषधांसाठी एक ॲप टाकून दिलं होतं. वेळेवर रिमाइंडर देणारं. ती औषधं दोन वर्षं ती तोंडपाठ देत होती.

आणि प्रभा. तिला शिकायचं होतं, वडिलांनी शिकू दिलं नाही. तिचा राग साऱ्या नाटकात धुमसत राहतो. या नाटकात एका टोकाला धरणगाव आहे, दुसऱ्या टोकाला मुंबई. मधलं काहीच नाही. इतर तिन्ही गोष्टींतही तसंच : एक शहर, एक गाव. पण प्रभाला मुंबई नको होती, तिला फक्त कॉलेज असलेलं एखादं शहर हवं होतं. म्हणजे अमरावतीच. मी ज्या शहरात 'परत जायचं' म्हणतेय, ते शहर कोणासाठी तरी पोचायची जागा असते, हे मला प्रभामुळे दिसलं. माझी वहिनी दर्यापूरची. बीएडसाठी अमरावतीला आली तेव्हा तिने शहर गाठलं होतं. समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, आणि आम्ही मुंबईतले अमरावतीकर म्हणायला लागलो, आता परत जाता येईल. आमचं शहर आमच्यासाठी पुरेसं झालं की नाही, हे आम्ही तपासत होतो. ती तिथे आधीच होती, आणि तिच्या हातातून मात्र ते निसटलं होतं.

या चार गोष्टींत मला 'वाडा' सगळ्यात मोठं का वाटतं, तर एलकुंचवार सुधीरबरोबर मुंबईला जात नाहीत. मुंबई नाटकात फक्त बातमी म्हणून येते. सुधीर-अंजली निघून जातात आणि आपण वाड्यातच उरतो, जे उरलेत त्यांच्याबरोबर. पाहुणे गेल्यानंतरची सकाळ या नाटकाला ठाऊक आहे. मराठीत परतीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. राहिलेल्यांच्या खोलीत बसून लिहिलेली ही एक मला माहीत आहे, आणि ती वाचताना पहिल्यांदाच मी सुधीरच्या जागी बसून शरमले.

मागच्या आठवड्यात वहिनीला फोन केला. शीटमध्ये नव्हती ती ओळ विचारली : मी आले तर तुझं काय होईल? ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, घराजवळच्या एका शाळेत जूनपासून जागा आहे, तिने अर्ज भरून ठेवलाय, दादाला अजून सांगितलेलं नाही.

"पण तू आली, मी नोकरी धरली, आन् चार महिन्यांनी तुझ्या कंपनीनं बोलावलं तर?" ती म्हणाली. "मंग मले पुन्हा सोडा लागीन."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कंपनीचा ईमेल कधीही येऊ शकतो, हे खरंच आहे. मी दोन दिवस विचार केला आणि तिला एवढंच सांगितलं, की हे शाळेचं वर्ष संपेपर्यंत मी हलणार नाही. बोलावलं तर दुसरी नोकरी बघेन, किंवा बाबांसाठी माणूस ठेवायचे पैसे मी देईन, पण तिची नोकरी सुटणार नाही. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बोलू. हिशेब केला तर हाही करार अकराच महिन्यांचा भरतो.

यात माझंही काही जाणार आहे, ते लपवत नाही. रात्री अकराचं भांडुप जाणार. मी आईला म्हटलं, मला माझी खोली हवी, दार लावता येईल अशी, आणि मी कधी येते-जाते ते विचारायचं नाही. आई म्हणाली, विचारायचं नाही म्हणजे काय? हे भांडण अजून चालू आहे आणि मला वाटतं जूनमध्ये तिथे गेल्यावरही चालू राहील.

काल ब्रोकरला कळवलं, सोडतेय. रूममेट्सना माझी गादी हवी आहे, टेबल नको आहे. मुंबई-अमरावती एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आणि वहिनीला त्याचा फोटो पाठवला. तिचा लगेच रिप्लाय आला : फिजिओथेरपीवाला सकाळी साडेसातला येतो, उठशीन ना?

उठेन, असं लिहिलं. मुंबईत मी नऊला उठते.